घळीला फाटक लागलं

चैत्र अर्धा सरला की बारामतीत आमच्या शाळेच्या कुंपणालगतचे करंज फुलतात. रस्ता रुंद केला तेव्हा लावलेली झाडं, वयानं माझ्या नोकरीहूनही लहान. पण फुलायला लागली की हात आखडत नाहीत. सकाळी प्रार्थनेच्या आधी शिपाईमामा खराट्यानं ती लाह्यांसारखी पांढरी-जांभळी फुलं लोटत असतात आणि वैतागून म्हणतात, "मॅडम, झाडावं न्हाईत एवढी खाली हायती." परीक्षेचे पेपर छातीशी धरून मी त्या सड्यावरून वर्गाकडं जाते आणि तो वास येतो. गोड, पण गोडाच्या तळाशी काहीतरी कडू. मुलं माना खाली घालून लिहीत असतात, पंखा कुरकुरत असतो आणि मी खिडकीशी उभी असूनही तिथं नसते.

मी घळीत असते. म्हणजे, घळ होती तेव्हाच्या घळीत.

आमच्या इंदापूर तालुक्यात जंगल म्हटलं की लोक हसतात. जीवशास्त्राच्या तासाला मुलं मला विचारतात, "मॅडम, आपल्याकडं जंगल कुठंय?" त्यांचं चुकत नाही. कालव्याचं पाणी पोचलं तिथवर ऊस, पोचलं नाही तिथं कुसळी गवताचा माळ. पण आमच्या गावच्या माळावरून नीरेच्या दिशेनं चालत गेलं की एका जागी जमीन पायाखालून निसटल्यासारखी होते. अगदी काठावर येईपर्यंत कळत नाही की खाली एवढं काही आहे. ओढ्यानं काळा कातळ कापत कापत खोल वाट केलेली. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि तळाशी झाडं. अर्जुन, उंबर, जांभूळ, करंज. आम्ही पोरं हात धरून बुंध्याला मिठी घालायचो तर हात पुरायचे नाहीत. झाडांवर वेल, वेलांवर वेल. वाघाटीच्या काटेरी जाळ्या इतक्या माजलेल्या की जागेचं नावच वाघाटीची घळ. वर माळ तव्यासारखा तापलेला असायचा आणि खाली उतरलं की अंगावर शहारा यावा असा गारवा.

ही घळ कुणी राखली म्हणून राहिली नव्हती. तिथं देव नव्हता, भूत नव्हतं, कुणाची शपथ नव्हती. नांगर चालेना, गाडी उतरेना, ऊस लावावा तर ऊन पोचेना. कशाच्याच उपयोगाची नव्हती, म्हणून वाचली. एखाद्या जागेला उपयोगी होऊ न देणं हीच तिची राखण असते, हे मला फार उशिरा उमगलं.

आई मला करंजाच्या शेंगा वेचायला तिथं न्यायची. दुपारी डोहाशी बसून भाकरी खायची आणि ओंजळीनं पाणी प्यायचं. आमच्या वस्तीतल्या बायकांनी एके काळी विहिरीपासून लांब उभं राहून, कुणी वरून ओतील म्हणून वाट बघितलेली. आई त्यातलीच. तिनं त्याबद्दल कधी रडगाणं गायलं नाही. फक्त एकदा डोहाशी वाकलेली असताना म्हणाली, "गावातल्या हिरींना मालक हायती, सुमे. ह्या पाण्याला न्हाय. पी पोटभर."

त्याच डोहात दत्तानं मला पोहायला शिकवलं. दत्ता बागायतदाराचा मुलगा, माझ्याच वर्गातला. गावात त्याच्या घरी मी ओट्यापर्यंत. पाणी मागितलं तर त्याची आई वेगळ्या फुलपात्रातून द्यायची आणि दत्ता कुठंतरी दुसरीकडं बघायचा. घळीत मात्र आम्ही एकाच दगडावर पालथे पडून अंग वाळवायचो. घळीत तो दुसरीकडं बघायचा नाही. मला वाटतं, मी त्याच्यावर विश्वास ठेवायला तिथं शिकले. माणसावर नव्हे, त्या जागेतल्या माणसावर. हा फरक तेव्हा कुठला कळायला!

पुढं मी शिकले, बारामतीत नोकरीला लागले, संसार इथंच झाला. दत्ता गावात राहिला, शेती वाढवली, सरपंच झाला. मग एका उन्हाळ्यात, असाच करंज फुललेला असताना, तो माझ्या दारात उभा राहिला. धुळीनं माखलेला. पाणी प्यायला नाही, बसला नाही.

"सुमन, घळ चालली बघ."

खडीच्या धंद्यातल्या एका माणसानं घळीच्या काठाचा कातळ मागितला होता. सुरुंग लागले की कडे ढासळणार, ओढा बुजणार. दत्ता सांगता सांगता थांबला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खोटं नव्हतं, असं मला आजही वाटतं. खोटं असतं तर सोपं झालं असतं.

गावानं ठराव केला, तर अशी जागा निसर्गाचा वारसा म्हणून राखून मागता येते, हे मी वाचलं होतं. त्यासाठी तिथं काय काय आहे ते दाखवावं लागतं. मग सुरू झाले आमचे रविवार. पहाटेच्या एसटीनं मी गावाला जायची. दत्ता फाट्यावर मोटरसायकल घेऊन उभा असायचा. तो पुढं कोयत्याशिवाय, हातानंच जाळ्या बाजूला करत, मी मागं. "कोयता आणला न्हाय व्हय?" मी विचारलं होतं. "वाचवायला निघालो आन तोडत जाऊ?" तो म्हणाला होता.

त्या उन्हाळ्यातलं किती काय आठवतं. पानगळीत पाय घातला की खालून येणारा ओला, कुजट, उबदार वास. उंबराखाली सांडलेली फळं आणि त्यावर मुंग्यांची गर्दी. सायाळीचा गळालेला काटा दत्तानं माझ्या मुलीसाठी खिशात घातला होता. डोहाकाठच्या वाळूत एका सकाळी लांडग्याच्या पावलांचे ठसे दिसले, कडा अजून ओलसर. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो आणि कितीतरी वेळ कुजबुजतच बोललो, जणू पाहुणा अजून घरात झोपलेला आहे. कड्याच्या एका खोबणीत मोठ्या घुबडाची जोडी होती. शिंगांसारखे कान आणि नारिंगी डोळे. त्यांची पिल्लं आम्हाला बघून अंग फुगवायची आणि चोच वाजवायची. संध्याकाळी वर माळावर येऊन बसलो की खालून घुबडाचा घुमणारा आवाज यायचा. दत्ता म्हणायचा, "ह्यो आवाज माझ्या नातवानं ऐकला पायजे." पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा माणूस, पण हे म्हणताना त्याचा चेहरा दगडावर पालथ्या पडलेल्या त्या मुलासारखा व्हायचा.

अडचण होती ती येसूतात्यांची. येसूतात्या म्हणजे धनगरवस्तीतले शेवटचे मेंढपाळ. बाकीच्यांनी मेंढरं विकून शेती धरली होती. त्यांचा स्वतःचा मुलगा वालचंदनगरला कारखान्यात कामाला. पण तात्यांची मेंढरं होती आणि उन्हाळ्यात घळीतलं पाणी हाच त्यांचा आधार. धनगरवस्तीचे हात तात्यांच्या हातामागं वर जायचे. त्यामुळं आम्ही दोघं त्यांना घेऊन डोहावर गेलो.

तात्या दगडावर बसले. मेंढरं पाण्याला लागली. दत्तानं विषय काढला तसे ते म्हणाले, "माझ्या बापाची मेंढरं ह्याच पाण्यावं जगली. तवा घळ मेली का?"

"न्हाय मेली, तात्या," दत्ता म्हणाला. "पर नेम समद्यांना एकच पायजे. तुमाला सूट दिली की उद्या खडीवाला म्हणंल, मला का न्हाय?"

"म्हंजी कुणीच यायचं न्हाय?"

"कुणीच न्हाय."

"तू बी?"

"मी बी."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "बाय, तुला काय वाटतं? हे टिकंल?"

मी काही बोलायच्या आत दत्ता पाण्यात उतरला. पँट भिजली तरी डोहात गुडघाभर जाऊन त्यानं ओंजळ भरली आणि तात्यांच्या समोर धरली. "हे पाणी हातात घेऊन सांगतो. हितं ना वाट हुईल, ना भिंत, ना दिवा. जशी हाय तशी ऱ्हाईल. माणसाचं काय बी ऱ्हाणार न्हाय."

तात्या काठी टेकून उठले आणि मेंढरांना हाक घातली. जाताना एवढंच म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे. मी नदीकडनं नेतो."

नदीकडनं म्हणजे काय, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. नीरेच्या काठाला सगळा ऊस. मेंढरू बांधावर तोंड घालील म्हणून लोक काठ्या घेऊन उभे. दुपारच्या उन्हात माळभर वळसा. तात्यांनी ते सगळं एका वाक्यात अंगावर घेतलं.

ग्रामसभेत मी बोलले. ज्या गावात माझ्या आईला कुणी बोलायला उभं केलं नव्हतं, तिथं मी उभी होते. मी सांगितलं की सगळ्या तालुक्यात माणसानं हात न लावलेली एवढीच जागा उरलीय, तिला तशीच राहू द्या. खडीवाला मागच्या भिंतीला टेकून हसत होता. मग दत्तानं "हात वर करा" म्हटलं आणि पहिला हात वर गेला तो येसूतात्यांचा. त्यामागं धनगरवस्ती, मग आमची वस्ती, मग बागायतदारांतले थोडे, मग बघता बघता सगळेच. खडीवाला चपला घालून निघून गेला. बाहेर पारावर कुणीतरी कलिंगडं फोडली. दत्तानं एक फोड मला दिली. त्याचा हात लाल पाण्यानं निथळत होता आणि तो लहान मुलासारखा हसत होता. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत तो दिवस होता. अजूनही तो त्यातून काढून टाकता येत नाही, हेच दुखतं.

त्यानंतरच्या वर्षात मी विचारत राहिले. दत्ता फोनवर सांगायचा, "कागद चाललेत." कधी म्हणायचा, "कुंपणाचं काम हाय, धूळ लई उडती, आत्ता येऊ नगंस." आम्हीच ठरवलं होतं ना, कुणी आत जायचं नाही म्हणून? मला उलट बरंच वाटायचं की तो नियम पाळतोय.

पुन्हा करंज फुलला आणि माझ्या फोनवर एक रंगीत निमंत्रण आलं. हार, झेंडूची नक्षी, पाहुण्यांचे फोटो, मध्ये मोठ्या अक्षरांत "निसर्ग पर्यटन केंद्राचे उद्घाटन". खाली विशेष सत्कार म्हणून माझं नाव.

मी गेले. माळावरून थेट घळीच्या तोंडापर्यंत डांबरी रस्ता झाला होता. तोंडाशी कमान, कमानीला लोखंडी फाटक, फाटकाशेजारी तिकिटाची खिडकी. आत पायऱ्या, रंगीत फरशा. वाघाटी कुठंच नव्हती. वेल सगळे खरवडून काढलेले. जुने करंज आणि अर्जुन उभे होते, पण प्रत्येकाच्या बुंध्याभोवती सिमेंटचा ओटा बांधून बसायची सोय केलेली, आणि खोडांना तांबडा-पांढरा रंग. डोहाला कठडा, मध्ये कारंजं. जिथं लांडग्याचे ठसे होते तिथं सिमेंटचा वाघ बसवला होता. कड्यावर, त्या खोबणीच्या अगदी वर, मोठाले दिवे. खोबण रिकामी होती. पानगळ झाडून नेलेली, त्यामुळं कसलाच वास नव्हता, नुसता ओल्या सिमेंटचा आणि रंगाचा.

दत्ता फेटा बांधून धावत आला. "बघ! वाचवली का न्हाय?"

तो खरोखरच आनंदात होता. मला वाटलं होतं त्याला लाज वाटत असेल, तो सारवासारव करेल. तसं काही नव्हतं.

"दत्ता, हे काय केलंस?"

"अगं, खडीवाल्याच्या हातात गेली असती तर धूळ ऱ्हायली असती. आता झाडं तरी हायती. पोरांना काम मिळालं. रविवारी पुण्याची माणसं येतील. नुसती जाळी ठिवून गावाला काय मिळणार हुतं?"

"हे तुझ्या डोक्यात कधीपासून होतं?"

त्यानं फेट्याचा शेव मागं टाकला आणि सहज म्हणाला, "पयल्यापासून. पर तवा सांगितलं असतं तर तू बोलली असतीस का सभेत? तात्यानं हात वर केला असता का? तुझ्या बोलण्यावरच ठराव झाला, सुमन. हे तुझंच हाय."

पहिल्यापासून. म्हणजे कोयता न आणता हातानं जाळ्या बाजूला करत होता तेव्हाही. ठशांपाशी गुडघ्यांवर बसून कुजबुजत होता तेव्हाही. पाण्यात उतरून ओंजळ भरली तेव्हाही. मी एकेक रविवार आठवत गेले आणि प्रत्येकातून काहीतरी निसटत गेलं. फसवणूक पुढच्या दिवसांचंच नुकसान करते असं नाही, ती मागं जाऊन चांगले दिवसही नासवते.

सुशोभीकरण हा शब्द मला तेव्हापासून सोसत नाही. जे शोभत होतं त्याचंच सुशोभीकरण करतात. आणि वाचवणं हा शब्द तर त्याहून फसवा. कुणी म्हटलं, आम्ही हे वाचवलं, की मी आधी विचारते, कुणासाठी?

येसूतात्या आले होते. धुतलेलं धोतर, डोक्याला मुंडासं. फाटकाशी उभे राहून ते आत बघत होते. दत्ता लगबगीनं पुढं झाला. "या की तात्या, आत या. तुमाला तिकीट न्हाय. तुमाला फुकाट हाय, कायमचं."

तात्यांनी त्याच्याकडं वर बघितलं. "फुकाट?" ते म्हणाले. "माझं मला फुकाट?"

दत्ता हसायचा प्रयत्न करत राहिला.

"तू पाणी हातात घेतलं हुतंस," तात्या म्हणाले. आवाज चढवला नाही. फाटकाच्या आत पाऊलही टाकलं नाही. वळले आणि रस्त्यानं नव्हे, माळानं चालत निघाले.

सत्काराला माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर गेले, शाल घेतली नाही, माईक घेतला. त्या डोहाशी काय शब्द दिला होता ते सांगायला सुरुवात केली. दिवा नाही, भिंत नाही, वाट नाही. लोकांनी माना खाली घातल्या. ह्याच लोकांनी हात वर केले होते. माझं तिसरं-चौथं वाक्य झालं असेल तेवढ्यात कुणीतरी ढोल-ताशावाल्यांना खूण केली. माझे ओठ हलत होते आणि मलाच माझं बोलणं ऐकू येत नव्हतं. पुढच्या रांगेत आमच्या वस्तीतली दोन पोरं बसली होती, केंद्रावर नव्यानं कामाला लागलेली. त्यांनी माझ्याकडं हात जोडून बघितलं, बस करा म्हणून. त्या पोरांवर मला रागावता आलं नाही.

नंतर मी सरकारी कचेऱ्यांत खेटे घातले. एक साहेब येऊन पाहून गेले. कड्यावरचे दिवे लावायचे नाहीत, एवढं ठरलं. ते काही दिवस पाळलं गेलं. घुबडं परत आली नाहीत. दत्ताशी माझं बोलणं तुटलं म्हणावं तर तुटलंही नाही. लग्नाकार्यात भेटतो. तो "जयभीम मॅडम" म्हणतो, मीही "नमस्कार सरपंच" म्हणते. सुमन आणि दत्ता कुठं गेले, हे आम्ही दोघंही एकमेकांना विचारत नाही. गावात त्याचं नाव मोठं झालंय. काही जण मला म्हणतात, "मॅडम, तुमी जरा जास्तच मनाला लावून घेता." असेल. पण एखाद्या माणसानं आपलं घर लुटलं तर तक्रार करता येते. त्यानं आपला शब्द वापरून दुसऱ्याचं घर लुटलं, तर ती तक्रार कुठं लिहून देणार?

तात्यांनी मेंढरं विकली. नदीचा वळसा झेपेना. गेल्या वैशाखात, बुद्धपौर्णिमेला मी गावी गेले होते, तेव्हा विहारातून बाहेर पडले तर ते रस्त्याकडेला माझी वाट बघत उभे. म्हणाले, "बाय, पाय चालत्यात का? चल."

आम्ही माळानं गेलो. घळीच्या फाटकाला वळसा घालून खूप पुढं, आणखी एका बाजूला. मग तात्या एका ठिकाणी बसत बसत, कातळ धरून खाली उतरले. मी मागून. ओढ्याचं एक आडवळण होतं तिथं, इतकं अरुंद की वरून नुसती चीर वाटावी. खाली झाडं होती. जुनी. वेलांनी गच्च. पाणी दिसत नव्हतं, पण त्याचा आवाज होता. वरून कुठून तरी नवरंग पक्ष्याची शीळ आली. तात्या काठी आडवी ठेवून बसले. मीही बसले. मला रडू येत होतं, पण ते आनंदाचं की भीतीचं, सांगता यायचं नाही.

"हे कुणाला ठावं हाय, तात्या?"

"मला. आन आता तुला."

तात्यांनी मला काही वचन मागितलं नाही. पाण्याकडं बोट केलं नाही, शपथ घातली नाही. वचनाचं काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. ते उठले आणि वर चढायला लागले.

आम्ही माळावर आलो तेव्हा लांबून कुणीतरी बघितलं असावं. संध्याकाळी मी एसटीत बसले आणि दत्ताचा फोन आला. कितीतरी महिन्यांनी. आवाजात तोच जुना उमाळा.

"सुमन, तात्यासंगं माळाकडं गेली हुतीस म्हणं. त्या अंगाला काय हाय का गं बघण्यासारखं? केंद्र वाढवायचं चाललंय आमचं."

मी आयुष्यभर मुलांना झाडांची नावं सांगत आले. हे बघा, हा अर्जुन, हा उंबर, नाव घ्या, ओळखा, इतरांना सांगा. जे ठाऊक आहे ते सांगितल्यानंच वाचतं, अशी माझी श्रद्धा होती. गावाचं नाव मी ह्या लेखात लिहिलेलं नाही. माणसांची नावंही खरी नाहीत, झाडं तेवढी खरी आहेत.

"काय न्हाय रे," मी म्हणाले. "नुसतं काटवन हाय."

तो हसला. "मग जाऊ दे," म्हणाला, आणि त्यानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.